घसारा

कामठी रोडला, ऑटोमोटिव्ह चौकाच्या अलीकडे,
धनराज निखारेंचं टायर रिमोल्डिंगचं दुकान.
माझे पळायचे बूट मी तिथं नेले,
कारण बुटांच्या शोरूममधला पोरगा
तळ न बघताच म्हणाला होता,
'मॅडम, नवीन घ्या.'

एकावन्नाव्या वर्षी पळायला लागले मी.
पहाटे फुटाळ्याच्या काठाने,
अंगात असलं तर सेमिनरी हिल्सचा चढ.
सहा महिन्यांत डावा गुडघा बोलायला लागला.

निखारेंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला,
बूट उलटा केला
आणि ट्रकचं चाक वाचावं तसा
तळावरून काळा अंगठा फिरवला.
'टाच बाहेरून खाल्ली. इकडं अंगठ्याखाली गुळगुळीत.
तुमी बाहेरच्या कडेवर उतरता,
मंग पाय आतमंदी लवंडते.'
मी घाबरले.
'काऊन भेता बाप्पा? सगळ्यायचाच लवंडते थोडा थोडा.
तेच त सस्पेंशन आहे त्याचं.'

मग विचारलं, कापू का?
उजवा बूट ब्लेडखाली उभा चिरला गेला,
आत पांढरा फोम, ढोकळ्यासारखा.
पण ढोकळ्याची भोकं उघडी असतात,
याच्या खोल्यांची दारं बंद.
प्रत्येकीत चिमूटभर हवा कोंडलेली,
पाऊल पडलं की चेपणारी,
उचललं की भिंती ढकलून पुन्हा उभी राहणारी.
निदान तसं ठरलेलं होतं.

मी पासष्ट किलोची.
पळताना प्रत्येक पावलाला जमीन
दीडशे किलोंहून जास्त परत देते मला.
वाटत होतं, बूट त्यातलं काही
स्वतः गिळून टाकत असेल.
'गिळते कायचा? वेळ वाढवते.
तुमचा पोरगा कॅच घेताना हात मागं नेते की नाही?
चेंडू तेवढाच. पण हात फुटत नाही.'
क्षणाचा अगदी बारीक तुकडा,
पापणी लवायच्या आत संपणारा,
तेवढ्यासाठी सहा हजार रुपये मोजले होते मी.

टाचेजवळच्या खोल्या
चिरडून एकमेकींना चिकटल्या होत्या.
'धुऊन कुठं वाळवता?'
गच्चीवर, म्हटलं. मे महिन्यात.
निखारे काही बोलले नाहीत,
फक्त बाहेरच्या डांबराकडं बघितलं,
जे दुपारी दोन वाजता स्वतःच मऊ झालं होतं.

नंतर मी बरंच वाचलं.
टाचेच्या कातडीखाली चरबीच्या कप्प्यांची गादी असते,
चिवट धाग्यांनी शिवलेली,
तीही बंद दारांचीच. जन्मापासूनचा बूट.
वयाबरोबर ती पातळ होत जाते.
आणि हेही, की तळ फार मऊ मिळाला
तर पाय आपणहून ताठ होतो,
कुणी न सांगता हिशोब जुळवतो.
म्हणजे माझं रक्षण नेमकं कोण करतं,
बूट, टाच, की पोटरीतली ही न विचारलेली हुशारी,
हे नक्की कुणालाच सांगता येत नाही.
पुस्तकंही इथं येऊन जरा खाकरतात.

पुढच्या खेपेला निखारेंना गादीचं सांगितलं.
'त्याचं रिमोल्डिंग नाही होत,' ते म्हणाले,
आणि उठून पाण्याच्या माठाकडं गेले.
त्यांच्या पायात त्यांनीच कापलेली टायरची चप्पल,
डावी उजवीपेक्षा निम्मी झिजलेली.
विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.
बूट कापायचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

आता दोन जोड आहेत, एक दिवस आड घालते.
फोमलाही रात्रभर झोप लागते, मला लागते तशी.
सावलीत वाळवते.
पहिल्या पहाटे फुटाळ्यावर
माझ्या पावलांचा आवाजच येईना,
मागे वळून पाहिलं, मी आहे ना म्हणून.
गुडघा अजून बोलतो. पण आवाज खाली करून.

कापलेल्या बुटाचा अर्धा भाग फ्रिजवर आहे.
येता-जाता अंगठ्याने दाबते.
चवड्याखालचा फोम लगेच वर येतो,
टाचेखालचा येत नाही.
खळगा तसाच राहतो,
त्यात माझ्या अंगठ्याच्या रेषा.